सायकल, फटफटी आणि बर्फ

जपानात राहतो म्हटलं की भारतातल्या नातेवाईकांच्या डोळ्यांसमोर दोनच चित्रं येतात. एक बुलेट ट्रेनचं आणि दुसरं बर्फाने भरलेल्या डोंगराचं. आमचं त्सुकुबा या दोन्ही चित्रांत बसत नाही. टोकियोच्या ईशान्येला साधारण ६० किलोमीटरवर असलेल्या या गावात बुलेट ट्रेन येत नाही. टोकियोहून थेट येणारी साधी 'त्सुकुबा एक्सप्रेस'सुद्धा २००५ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली. डोंगर आहे, पण त्याची उंची ८७७ मीटर, म्हणजे आपल्या सिंहगडापेक्षाही कमी. आणि बर्फ? थंडी कडाक्याची पडते, वारा हाडं गोठवतो, पण बर्फ हिवाळ्यात एकदोनदा पडला तर पडला.

त्यामुळे इथे सगळे बारा महिने सायकल चालवतात. हे गाव मुळात संशोधन संस्थांसाठी वसवलेलं, रस्ते सरळ आणि रुंद, विद्यापीठाचा परिसर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचं म्हटलं तर दम लागावा एवढा लांब. मीही सायकलवरच ऑफिसला जायचो. २०१४ च्या फेब्रुवारीत मात्र लागोपाठ दोन आठवड्यांच्या शेवटी सगळ्या कांतो प्रदेशात बर्फाने कहर केला. ८ फेब्रुवारीला टोकियोत २७ सेंटिमीटर बर्फ साचला, असं ४५ वर्षांत झालं नव्हतं. सोमवारी सकाळी मी ऐटीत सायकल काढली आणि पहिल्याच वळणावर आडवा झालो. कोपर सुजलं, चेनचं कव्हर वाकलं, आणि मुख्य म्हणजे समोरून चालत येणाऱ्या शाळेच्या पोरांनी सगळं पाहिलं.

इंजिनियर माणूस पडला की त्याला आधी लागलेलं दिसत नाही, डिझाइनमधली चूक दिसते. दोन दिवस माझ्या डोक्यात एकच चक्र चालू होतं. मागच्या चाकात हब मोटर बसवायची, टायर जाड घालायचे, पुढे हवी तर स्की लावायची. बर्फावर चालणारी घरगुती मोटरसायकल! कागदावर चित्रंही काढली. वाकलेलं कव्हर घेऊन कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या आजोबांकडे गेलो तेव्हा तो कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि हसून एकच शब्द उच्चारला, "बाताबाता!"

हा शब्द मला नवा होता. आजोबांनी हाताने हँडल धरल्याचा आव आणून तोंडाने आवाज काढून दाखवला तेव्हा माझी ट्यूब पेटली. आपली फटफटी! आपण गाडीला तिच्या आवाजावरून फटफटी म्हणालो, जपानी लोकांना तोच आवाज बाताबाता असा ऐकू आला. आजोबांच्या लहानपणी त्यांच्या वडिलांच्या दुकानात सायकलींना अशी इंजिनं बसवली जायची म्हणे. ते पुढे म्हणाले, "तुमची कल्पना चांगली आहे, पण ती होंडासाननी आधीच केली आहे. आणि गंमत म्हणून केली नव्हती." त्या शेवटच्या वाक्याने मला या इतिहासाच्या मागे लावलं.

तर होंडासानची गोष्ट अशी. सोइचिरो होंडा यांचा जन्म १९०६ चा. युद्धकाळात त्यांची पिस्टन रिंग बनवणारी कंपनी होती. १९४५ च्या जानेवारीत मिकावाच्या भूकंपात कारखान्याचं नुकसान झालं, त्याच वर्षी जपानने शरणागती पत्करली, आणि होंडांनी कंपनीतला आपला हिस्सा टोयोटाला विकून टाकला. पुढे वर्षभर त्यांनी जवळजवळ काहीच काम केलं नाही. हामामात्सु हे त्यांचं शहर बाँबहल्ल्यांत बेचिराख झालेलं होतं. अन्न रेशनवर, गाड्यांना खिडकीतून शिरावं लागेल एवढी गर्दी, पेट्रोल तर सामान्य माणसाला जवळजवळ मिळतच नव्हतं. शहरातली माणसं तांदूळ, रताळी मिळवायला सायकल मारत लांबच्या खेड्यांत जायची. होंडांची बायको साचीही त्यातलीच एक.

१९४६ मध्ये होंडांना एका ओळखीच्या माणसाकडे एक छोटं इंजिन दिसलं. जपानी लष्कराच्या वायरलेस संचाला वीज पुरवणाऱ्या जनित्राचं ते इंजिन होतं. लष्कर बरखास्त झालेलं, वायरलेस भंगारात गेलेली, पण ही टू-स्ट्रोक इंजिनं धडधाकट होती. होंडांना अशी साधारण पाचशे इंजिनं मिळाली. त्यांनी एक सायकल घेतली आणि तिच्यावर इंजिन बसवलं. आता पेट्रोलची टाकी कुठून आणायची? घरात 'युतान्पो' होता. युतान्पो म्हणजे गरम पाणी भरून थंडीत पांघरुणात पायांशी ठेवायचा डबा. होंडांनी तोच उचलला आणि टाकी म्हणून लावला. पहिल्या होंडा गाडीची टाकी म्हणजे घरातलं पाय शेकायचं भांडं! मला हा तपशील फार आवडतो. घरगुती यंत्र याला म्हणतात. त्यात प्रत्येक भाग घरातल्या कुठल्यातरी दुसऱ्या सोयीचा बळी देऊन आलेला असतो.

सुरुवातीला त्यांनी इंजिन हँडलच्या पुढे बसवून रबरी रोलरने पुढचं चाक फिरवायचा प्रयत्न केला. पण त्या काळचे टायर इतके कमअस्सल होते की रोलरने ते खाऊनच टाकले. मग इंजिन फ्रेमच्या मध्ये आलं आणि पट्ट्याने मागचं चाक फिरवू लागलं. चाचणीसाठी साचीबाईंना सायकलवर बसवून हामामात्सुच्या भर रस्त्यावर पाठवण्यात आलं, कारण होंडांना बाईमाणसालाही ही गाडी जमते का हे पाहायचं होतं. परत आल्यावर साचीबाईंनी तक्रार केली की कार्ब्युरेटरमधून उडणाऱ्या तेलाने माझा चांगला मोंपे खराब झाला. (मोंपे म्हणजे युद्धकाळात बायका घालायच्या त्या सैलसर सुरवारी.) विकायच्या गाडीत हा दोष आधी दूर केला गेला. जगातल्या सगळ्यात मोठ्या मोटरसायकल कंपनीचा पहिला ग्राहक-अहवाल असा घरातूनच आला.

पेट्रोलचा प्रश्न होताच. युद्धाच्या शेवटी जपानने विमानांसाठी पाइनची मुळं खणून त्यांचं तेल काढलं होतं. होंडांनीही पाइनचं तेल पेट्रोलमध्ये मिसळून गाड्या चालवल्या. आपल्याकडे रॉकेल मिसळलेल्या रिक्षा ज्यांनी पाहिल्या आहेत (आणि ज्यांच्या मागे दुचाकीवरून गेले आहेत) त्यांना धुराची कल्पना यावी. तरी लोक रांगा लावून ही इंजिनं न्यायचे. पाचशे इंजिनं संपली तेव्हा होंडांनी स्वतःचं बनवलं, १९४७ च्या नोव्हेंबरमध्ये. ५० सीसी, ताकद एक हॉर्सपॉवर. १९४८ च्या सप्टेंबरमध्ये रीतसर कंपनी झाली. एकट्या हामामात्सुच्या परिसरात त्या काळात अशा गाड्या बनवणारे चाळीसेक कारखाने निघाले होते. मागाचे कारखानदार सुझुकी १९५२ मध्ये 'पॉवर फ्री' नावाचं सायकल-इंजिन घेऊन आले, आणि पियानो बनवणाऱ्यांनी १९५५ मध्ये यामाहा मोटर काढली.

सरकारचं काय? सरकारने पाहिलं की हजारो लोक सायकलीला इंजिन लावून फिरताहेत. १९५२ मध्ये नियम बदलून टू-स्ट्रोक असेल तर ६० सीसीपर्यंत आणि फोर-स्ट्रोक असेल तर ९० सीसीपर्यंतच्या इंजिनाची सायकल चालवायला परीक्षा न देता नुसत्या परवानगीवर मोकळीक दिली. कायद्यातलं या वाहनाचं नाव 'गेन्दोकित्सुकी जितेन्शा', म्हणजे शब्दशः 'इंजिन लावलेली सायकल'. बोलताना सगळे त्याचं 'गेनत्सुकी' करतात. आज जपानात लहान स्कूटर घेतली, तिला पेडल नसलं, सायकलशी तिचं लांबचंही नातं दिसत नसलं, तरी कायद्याच्या लेखी ती इंजिन लावलेली सायकलच. तिची नंबरप्लेटही वाहन खात्याकडे मिळत नाही, गावच्या नगरपालिकेत मिळते. साचीबाईंची सायकल अशी कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसली आहे.

(माझ्या हब मोटरवाल्या सायकलचंही हेच होणार होतं. इकडे पेडलला मदत करणाऱ्या विजेच्या सायकली चालतात, पण मोटरची मदत ताशी २४ किलोमीटरला शून्यावर यावी लागते. पेडल न मारता नुसती मूठ पिळून ती पळाली की झाली गेनत्सुकी. मग दिवे, आरसे, विमा, हेल्मेट, परवाना, सगळंच आलं. म्हणजे त्सुकुबाच्या रस्त्यावर माझं स्वप्न बेकायदा ठरत होतं.)

१९५२ मध्येच होंडांनी 'कब एफ' हे सहा किलोचं सायकल-इंजिन आणलं. त्यांचे भागीदार ताकेओ फुजिसावा यांनी देशभरातल्या पन्नास हजारांवर सायकल दुकानांना पत्रं पाठवली आणि हजारो दुकानं होंडाची विक्रेती झाली. आमच्या आजोबांच्या वडिलांसारखी माणसं ती हीच. १९५८ च्या ऑगस्टमध्ये 'सुपर कब' आली, आणि २०१७ पर्यंत या कब घराण्यातल्या गाड्यांनी दहा कोटींचा आकडा ओलांडला.

आता बर्फाकडे येऊ, कारण मी पडलो होतो बर्फात आणि होंडासानच्या गोष्टीत बर्फ नाही. हामामात्सुला तो क्वचितच पडतो.

बर्फात सायकलचे दोन शत्रू. पहिला घसरणं. कोरड्या डांबरी रस्त्यावर टायरचा घर्षणांक ०.७ च्या आसपास असतो, दाबलेल्या बर्फावर ०.२-०.३, आणि काचेसारख्या बर्फावर ०.१ किंवा त्याहून कमी. दुचाकी उभी राहते ती पुढचं चाक सतत थोडं थोडं डावी-उजवीकडे वळून तोल सावरतं म्हणून. ते चाकच आडवं घसरलं की तोल सावरायचं साधन गेलं, मग इंजिन कितीही मोठं असो. दुसरा शत्रू रुतणं. सायकल आणि स्वार मिळून ८५ किलो धरा. हे वजन टायरच्या दोन छोट्या ठशांवर येतं, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला दोन-तीन किलो. ताज्या बर्फाच्या घनमीटरचं वजन पन्नास ते शंभर किलो, बाकी सगळी हवा. त्यावर हा दाब टिकेल कसा? शिवाय चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये बर्फ ठासून बसतो. हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यावरून ज्याने सायकल नेली आहे त्याला हे ठाऊक आहे. शंभर पावलांत चाक फिरायचं बंद होतं आणि शेवटी सायकल खांद्यावर घ्यावी लागते.

पहिल्या शत्रूवर होक्काइदोच्या पोस्टमनांनी उपाय शोधला होता. लाल कबच्या चाकांना चेन गुंडाळायच्या, नाहीतर खिळ्यांचे टायर घालायचे. मोटारींनाही असे खिळ्यांचे टायर असत, पण बर्फ नसलेल्या डांबरावर ते खिळे रस्ता खरवडतात. साप्पोरो आणि सेंदाईमध्ये १९८० च्या दशकात त्या धुळीने लोकांचे श्वास कोंडले, आणि १९९० मध्ये कायदा करून त्यांना आळा घालण्यात आला. कायदा मोटारींना आणि मोठ्या मोटरसायकलींना लागू. १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना नाही. का? तर कायद्याच्या व्याख्येत त्या 'मोटरगाडी' नाहीतच, त्या इंजिन लावलेल्या सायकली! साचीबाईंच्या सायकलने इथेही हात दिला.

रुतण्याचा प्रश्न मात्र शिल्लक होता, आणि तो त्सुकुबात सोडवता येण्यासारखा नव्हता. इथे तेवढा बर्फच नाही. माझा एक सहकारी नीगाताचा. जपान समुद्राच्या बाजूचा तो प्रदेश म्हणजे अक्षरशः हिमदेश. सैबेरियाहून येणारा कोरडा थंड वारा समुद्रावरून येताना बाष्प पितो आणि डोंगरांना धडकून ते सगळं बर्फ म्हणून टाकतो. आपल्या सह्याद्रीवर नैऋत्य वारे पाऊस टाकतात तसंच, फक्त ऋतू उलटा. डोंगराच्या या बाजूला, म्हणजे आमच्याकडे, मग कोरडं लख्ख ऊन. आपला कोकण आणि माणदेश यांच्यातला फरक आठवा. सहकारी म्हणाला, "आमच्या शेतात ये. खाजगी जमीन आहे, नंबरप्लेट कोणी विचारणार नाही."

२०१५ च्या मार्चमध्ये आम्ही गेलो. जुनी सायकल, मागे हब मोटर, टायरला दोरी गुंडाळलेली, पुढच्या चाकाच्या जागी एक जुनी स्की, मडगार्ड काढून टाकलेले. भाताच्या खाचरांवर छातीएवढा बर्फ. पहाटे निरभ्र थंडीने बर्फाचा वरचा थर गोठून टणक झाला होता. तिथले लोक याला 'शिमिवातारी' म्हणतात. अशा पहाटे बांध, ओढे काही न पाहता सरळ बर्फावरून चालत पलीकडच्या गावाला जाता येतं. आमची सायकल त्या थरावरून चक्क चालली! तीसेक मीटर मी चालवली, मग सहकाऱ्याने. मी आतून दहा वर्षांचा झालो होतो. मग ऊन वर आलं, थर मऊ झाला, आणि मागचं चाक फिरता फिरता स्वतःसाठीच खड्डा खणून त्यात बसलं. मूठ जितकी पिळावी तितकं आणखी खाली. ओढून काढायला आम्हाला अर्धा तास लागला.

हे सगळं सहकाऱ्याची आई ओसरीतून पाहत होती. मीही त्यांना ओकासान, म्हणजे आई, असंच म्हणायचो. चहा देताना त्या म्हणाल्या, "हे आमच्या लहानपणी असतं तर?" मग त्यांनी १९६३ ची गोष्ट सांगितली. त्या वर्षीच्या जानेवारीतला बर्फ जपानात 'सान्पाची' म्हणून ओळखला जातो, शोवा सम्राटाच्या ३८ व्या वर्षातला म्हणून. नागाओका शहरात तीन मीटरच्या वर साचला होता. त्या तेव्हा दहा वर्षांच्या. त्यांच्या धाकट्या भावाला न्युमोनिया झाला. रस्ता नाही, गाडी नाही. वडिलांनी आणि शेजारच्या तिघांनी मुलाला लाकडी घसरगाडीवर बांधून डॉक्टरकडे न्यायला सुरुवात केली. पुढचे दोघे बर्फ तुडवून वाट करायचे, मागचे ओढायचे. उन्हाळ्यात तासाभराची वाट, त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत पुरली. "वाचला का?" मी विचारलं. "तो वाचला," त्या म्हणाल्या. "शेजारचं बाळ नाही वाचलं, पुढच्या आठवड्यात." आणि त्यांनी माझ्या कपात आणखी चहा ओतला.

सायकलवाल्या आजोबांचं वाक्य मला तेव्हा नीट कळलं. गंमत म्हणून केली नव्हती.

त्सुकुबाला परत आल्यावर मी बर्फावरच्या गाड्यांचा इतिहास वाचायला घेतला, आणि तिथेही तेच सापडलं. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या सेनर गावात कार्ल एलियासन नावाचा दुकानदार होता. त्याच्या पायात जन्मतः व्यंग होतं, त्यामुळे बर्फात शिकारीला जाताना मित्रांबरोबर चालणं त्याला जमत नसे. त्याने दुकानामागच्या खोपटात दोन वर्षं खटपट करून १९२४ मध्ये एक गाडी उभी केली. होडीला मागे लावायचं अडीच हॉर्सपॉवरचं इंजिन, फोर्ड मॉडेल टीच्या रेडिएटरचा तुकडा, सायकलचे भाग, दोरीने वळवायच्या स्की, आणि चाकाऐवजी खाली फिरणारा लाकडी पट्ट्यांचा अखंड पट्टा. १९२७ मध्ये त्याला पेटंट मिळालं.

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातल्या व्हालकूरचा जोसेफ-आर्मां बोंबार्दिए त्याहून लहान. १९२२ च्या ३१ डिसेंबरला, पंधराव्या वर्षी, त्याने बर्फावरच्या गाडीला फोर्डचं इंजिन आणि मागे लाकडी पंखा लावून ती गावातून पळवली. उघडा फिरता पंखा पाहून वडिलांनी ती लगेच मोडायला लावली (वडिलांचं बरोबर होतं). पुढे त्याने गॅरेज काढलं, लग्न झालं, आणि १९३४ च्या जानेवारीत त्याचा दोन वर्षांचा मुलगा इव्हॉन अपेंडिक्स फुटून आजारी पडला. दवाखाना शेरब्रुकला, साधारण पन्नास किलोमीटरवर. रस्ते बर्फाखाली. बोंबार्दिएची बर्फावरची गाडी तेव्हा गॅरेजमध्ये अर्धवट अवस्थेत उभी होती, चालण्याजोगी नव्हती. मुलगा गेला. दीडएक वर्षात त्याने दातेरी चाक आणि रबरी पट्ट्याची रचना पूर्ण केली, १९३७ मध्ये तिला पेटंट मिळालं, आणि त्याच्या गाड्या डॉक्टर, पोस्ट, शाळेची मुलं यांची ने-आण करू लागल्या.

पट्टा हे रुतण्याचं उत्तर. हिशोब सोपा आहे. ३८ सेंटिमीटर रुंद पट्ट्याची एक मीटर लांबी बर्फावर टेकली तर ३,८०० चौरस सेंटिमीटर झाले. गाडी आणि माणूस मिळून सव्वातीनशे किलो धरले तरी दर चौरस सेंटिमीटरला शंभर ग्रॅमपेक्षा कमी. माझ्या सायकलच्या पंचवीस-तीसपट कमी दाब. मी मोटर कुठली घ्यायची यावर महिना घालवला होता. प्रश्न मोटरचा नव्हताच.

पण खरी मौज पुढे आहे. १९४८ मध्ये क्वेबेक सरकारने हिवाळ्यात खेड्यांतले रस्तेही बर्फ काढून मोकळे ठेवायचं ठरवलं, आणि बोंबार्दिएच्या मोठ्या गाड्यांचा धंदा बसला. रस्ते उघडल्यावर त्या कोणाला हव्यात? त्याने मग शेतीला, खाणींना लागणारी यंत्रं बनवली आणि १९५९ मध्ये एकदोन माणसांची हलकी 'स्की-डू' आणली. तीही त्याच्या मनात दुर्गम भागातल्या लोकांसाठीच होती, पण लोकांनी ती खेळायला घेतली. मुलगा गमावलेल्या बापाचं यंत्र सुट्टीतलं खेळणं झालं.

जपानने तर गाडी बदलण्याऐवजी रस्ताच बदलला. १९५६ मध्ये बर्फाळ प्रदेशातले रस्ते हिवाळ्यात चालू ठेवण्यासाठी वेगळा कायदा झाला. १९६१ मध्ये नागाओकाने रस्त्याच्या मध्यभागी नळ पुरून त्यातून भूजलाची कारंजी उडवायला सुरुवात केली. जमिनीखालचं पाणी हिवाळ्यातही कोमट असतं, त्याने बर्फ वितळतो. दोन वर्षांनी सान्पाची आला तेव्हा ही युक्ती कामाला आली आणि सगळीकडे पसरली. (पाणी फार उपसल्याने जमीन खचू लागली, ते वेगळं.) त्याच १९६३ साली स्थापन झालेली आपत्ती प्रतिबंधाची राष्ट्रीय संशोधन संस्था आज आमच्या त्सुकुबात आहे, आणि तिचं बर्फाचं केंद्र नागाओकात. यामाहाने १९६८ मध्ये पहिली जपानी स्नोमोबाइल आणली, तीही बर्फ न पडणाऱ्या मुलखातल्या कंपनीने, पण खपली ती मुख्यतः परदेशात. नीगाताच्या शेतकऱ्याला ती घ्यावी लागली नाही, कारण त्याच्या दारात नांगर लावलेला ट्रक येऊ लागला. यामाहानेही २०२३ मध्ये हा धंदा आवरता घ्यायचं जाहीर केलं.

मला वाटतं घरगुती यंत्र हे एक प्रकारचं माप आहे. रस्ता, रेशन, डॉक्टर जिथे पोचत नाही तिथे माणूस हातात येईल ते घेऊन यंत्र बनवतो. त्याला आपण 'जुगाड' म्हणतो आणि कौतुक करतो. कौतुक करायला हरकत नाही, पण ते यंत्र का बनवावं लागलं हेही त्याच वेळी विचारायला हवं.

माझं आजोळ जावळीच्या खोऱ्यातलं. तिथे बर्फ नाही, पण पावसाळ्यात ओढे भरले की वाडी तुटायची. आजारी माणसाला बांबूला घोंगडी बांधून झोळीतून खाली आणायचे, चार माणसं पाळीपाळीने. ओकासानची गोष्ट ऐकताना मला ती झोळीच दिसत होती. फरक इतकाच की त्यांची घसरगाडी आता गावच्या संग्रहालयात आहे, आणि आपल्याकडे डोंगरातल्या वाड्यांमधून झोळीची बातमी अजून दर पावसाळ्यात येते. सडक आली तिथे काय होतं तेही मी पाहिलंय. मामाने लूना घेतली होती. पुण्याच्या कायनेटिकने १९७२ मध्ये आणलेली ५० सीसीची लूना, पेडलं असलेली, म्हणजे जपानी कायद्याच्या भाषेत अस्सल इंजिन लावलेली सायकल. चढावर मामा पेडल मारून तिला मदत करायचा आणि वर म्हणायचा, "हिच्यामुळे पाय मोकळे राहतात." पण त्या लूनावरून त्याने आजीला दोनदा वेळेत मेढ्याच्या डॉक्टरकडे नेलं. सडक वाडीपासून दीड किलोमीटर अलीकडेच संपत होती. तेवढं अंतर झोळीच.

गेनत्सुकीचंही आता एक पर्व संपलंय. २०२५ च्या नोव्हेंबरपासून नवे उत्सर्जन नियम लागू झाले, ५० सीसीच्या इंजिनाला ते परवडण्यासारखे नव्हते, आणि होंडाने त्या आधीच ही इंजिनं बनवणं थांबवलं. आता ताकद चार किलोवॅटपर्यंत रोखलेल्या १२५ सीसीपर्यंतच्या गाड्या त्याच परवान्यावर चालतात. कायद्यातलं नाव मात्र तेच आहे.

माझी हब मोटर खोक्यात पडून आहे. २०१८ च्या जानेवारीत पुन्हा मोठा बर्फ पडला तेव्हा मी मडगार्ड काढले, डिस्क ब्रेक असलेल्या सायकलच्या टायरला दर चार बोटांवर प्लॅस्टिकचे केबल टाय आवळले (रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर हे करू नका, ब्रेक लागताच तुटतील), टायरमधली हवा थोडी कमी केली आणि हळूहळू ऑफिस गाठलं. पडलो नाही. खर्च तीनशे येन. वाटेत आजोबांच्या दुकानासमोर थांबून सायकल दाखवली. त्यांनी वाकून टाय नीट पाहिले, एक सैल होता तो पक्कडीने आवळून दिला आणि म्हणाले, "बस स्टॉपवर जायचा रस्ता तर सकाळीच साफ केलाय की."